पिवळा ८३० मीटर आणि बंद पडलेला मॉनिटर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत हा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पिवळं प्लॅस्टिक, मधोमध मोठा गोल नॉब, खाली तीन सॉकेट, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. झाकणावरची नावं डझनभर असतील, पण डीटी-८३० हा आकडा आणि आतलं सर्किट तेच: ७१०६ घराण्यातली चिप, काळ्या टिपक्याखाली थेट बोर्डावर बसवलेली, आणि १९९९ पर्यंत मोजणारा साडेतीन अंकी डिस्प्ले. घेताना नॉबभोवती बझरचं (जोड सलग असला की वाजणाऱ्या घंटीचं) चिन्ह आहे ना, एवढं पाहून घ्या. ८३०बी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मीटरना बझर नसतो, ८३०डी म्हणून मिळणाऱ्यांना सहसा असतो. बझर नसलेला मीटर या कामासाठी घेऊ नये.

इथे त्याची पारख एकाच कामापुरती आहे. मॉनिटर बंद पडला आहे, मागचं कव्हर निघालं आहे, पॉवरचा बोर्ड टेबलावर आहे आणि हाताशी एवढाच मीटर आहे. प्लग काढलेल्या बोर्डावर तो आपली किंमत पहिल्याच दिवशी वसूल करतो. चालू बोर्डाच्या ५ आणि १२ व्होल्टच्या बाजूलाही तो विश्वासाचा आहे. मेन्सच्या बाजूला मात्र तो हातात धरून काम करू नये. आणि मॉनिटर बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण, म्हणजे सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्याला जवळपास दिसतच नाही. हे माहीत नसेल तर हा मीटर खरे आकडे दाखवूनही भलत्याच पार्टकडे नेतो.

सुरुवात बोर्डापासून नको, मीटरपासूनच करा. या चिपचं मोजमाप तिच्याच आतल्या सुमारे २.८ व्होल्टच्या संदर्भावर चालतं, आणि बॅटरी साधारण ७ व्होल्टच्या खाली गेली की तो संदर्भ खाली घसरतो. संदर्भ घसरला की डिस्प्लेवरचा आकडा वर चढतो. म्हणजे बॅटरी उतरलेला मीटर निरोगी ५ व्होल्टच्या लाइनवर ५.६ दाखवतो, आणि माणूस रेग्युलेशन बिघडलं म्हणून चांगला आयसी काढून बसतो. स्वस्त मीटरांपैकी काहींत बॅटरीचं चिन्ह उमटतच नाही. त्यामुळे कामाला बसण्याआधी एखादं माहीत असलेलं व्होल्टेज मोजायची सवय लावून घ्या. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल १.५५ ते १.६ दाखवतो. त्याहून पक्कं हवं असेल तर भंगार बोर्डावरून एक टीएल४३१, म्हणजे पक्कं २.५ व्होल्ट देणारा तीन पायांचा पार्ट, काढा. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून पहिला पाय रेफरन्स, मधला अॅनोड, तिसरा कॅथोड. पहिला आणि तिसरा एकत्र जोडा, त्यांना १ किलोओहममधून ५ व्होल्ट द्या, मधला पाय ग्राउंडला. आता जोडलेल्या पायांवर २० व्होल्टच्या रेंजमध्ये २.४९ किंवा २.५० यायला हवं. येत नसेल आणि बॅटरी नवी असेल, तर मीटरच्या आतला छोटा ट्रिमपॉट हलकेच फिरवून आकडा जुळवता येतो. हा ट्रिमपॉट असणं ही या मीटरची खरोखर चांगली गोष्ट आहे.

दुसरी तपासणी प्रोबची. २०० ओहमच्या रेंजवर दोन्ही टोकं घट्ट टेकवा. ०.३ ते ०.८ असा स्थिर आकडा आला पाहिजे. तो लक्षात ठेवा, पुढे लहान रेझिस्टन्स मोजताना वजा करायचा आहे. मग प्रोबच्या मानेपाशी आणि सॉकेटपाशी वायर हलवून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर आतली तार तुटत आली आहे. या मीटरबरोबर येणारे प्रोब हा त्याचा सर्वांत कच्चा भाग. शंभर-दीडशे रुपयांचे सिलिकॉन वायरचे प्रोब लगेच घेतलेले बरे.

आता बोर्ड. प्लग काढला म्हणजे बोर्ड निर्धोक झाला असं नाही. २३० व्होल्ट एसीचं ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं, आणि ते १०० ते १५० मायक्रोफॅरडच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतं. चांगला बोर्ड प्लग काढल्यावर तो साठा स्वतःच खाऊन टाकतो. बंद पडलेला बोर्ड खात नाही, कारण त्याचं स्विचिंगच थांबलेलं असतं. म्हणून दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर धोका उलट जास्त. ४.७ किलोओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, दोन्ही पायांना इन्सुलेटेड वायर लावून, कपॅसिटरच्या पायांवर ५ सेकंद टेकवा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत दुकानांत सर्रास दिसते. तिच्याने सोल्डरचा पॅड उडतो आणि कपॅसिटरलाही इजा होते. नंतर १००० व्होल्टच्या रेंजवर मोजून ५ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा, मगच नॉब ओहमवर न्या. भरलेल्या कपॅसिटरवर ओहमची रेंज लावली की हा मीटर मरतो.

पुढची १० मिनिटं हा मीटर ज्यासाठी बनला आहे त्याच कामाची. बझरवर फ्यूज पाहा. तो बहुधा टी३.१५ए २५०व्ही असा छापलेला असतो, आणि काचेच्या आत काळं किंवा चंदेरी झालं असेल तर पुढे कुठेतरी पक्का शॉर्ट आहे असं समजा. तार नुसती मधून तुटली असेल तर वय झालं असेल किंवा एखादा झटका बसला असेल. फ्यूजच्या पुढे एनटीसी थर्मिस्टर, काळी किंवा हिरवी चकती, थंड असताना ५ ते १० ओहम. मग ब्रिज: डायोडच्या रेंजवर चारही डायोड एका दिशेने ४५० ते ६०० आणि उलट दिशेने डावीकडे फक्त १, म्हणजे काहीच जात नाही. त्यानंतर हीटसिंकवरचा मॉसफेट, म्हणजे सप्लाय वेगाने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर. ड्रेन आणि सोर्समध्ये एका दिशेने ४५० ते ६०० मिळालं आणि उलट दिशेने काहीच नाही, तर तो बहुधा ठीक. दोन्ही दिशांनी शून्याच्या आसपास असेल तर शॉर्ट.

मॉसफेट शॉर्ट मिळाला की घाई करू नका. नुसता मॉसफेट आणि फ्यूज बदलून प्लग लावणं ही या कामातली सर्वांत महाग चूक. मॉसफेट शॉर्ट होताना ३२५ व्होल्ट सोर्सच्या करंट-सेन्स रेझिस्टरमधून आणि गेटच्या रेझिस्टरमधून थेट आयसीत घुसतात. सेन्स रेझिस्टर ०.२२ ते ०.५ ओहमचा असतो. इथे ८३०ची मर्यादा दिसते: ०.१ ओहमच्या टप्प्यांत मोजणारा मीटर ०.३३ आणि ०.४७ मधला फरक सांगू शकत नाही. पण तो रेझिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, झाला आहे का, एवढं सांगतो, आणि नव्वद टक्के वेळा तेवढंच लागतं. गेटचा रेझिस्टर १० ते ४७ ओहमचा, तोही मोजा. शेवटी आयसीचा व्हीसीसी पाय (त्याला वीज पुरवणारा) आणि ग्राउंड यांच्यात मोजा. तिथे काही ओहमच असतील तर आयसीही गेला. हे चारही पार्ट एकदम बदला, नाहीतर नवा मॉसफेट एका क्षणात जुन्याच्या वाटेने जातो.

ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, सेकंडरीला (कमी व्होल्टच्या बाजूला), दोन-तीन शॉट्की डायोड असतात. काही तीन पायांचे, हीटसिंकवर. त्यांचा ड्रॉप कमी, डिस्प्लेवर १५० ते २५०. दोन्ही बाजूंनी ००० ते ००५ दिसलं तर शॉर्ट. पण तो डायोडच आहे की पुढचा एखादा कपॅसिटर किंवा बॅकलाइटचा सेक्शन, हे बोर्डावर ठेवून ठरत नाही. एक पाय उचला आणि परत मोजा. सक्शन पंप आणि थोडी विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) हाताशी असली तर दोन मिनिटांचं काम, ते टाळू नये.

आता जिथे हा मीटर कमी पडतो तिथे येऊ. त्यावर सविस्तर बोलणं भाग आहे, कारण मॉनिटरच्या पॉवर बोर्डातले बहुतेक दोष इथेच असतात.

बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, सेकंडरीला १००० मायक्रोफॅरड १० किंवा १६ व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, असे चार-सहा ओळीत उभे असतात, बरेचदा हीटसिंकला चिकटून. गरम हवेत आतलं द्रव सुकतं आणि त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, वाढतो. नव्या चांगल्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ईएसआर ०.०५ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो अर्धा ओहम झाला तरी स्विचिंग सप्लायच्या लेखी तो कपॅसिटर नसल्यासारखाच. ८३०मध्ये कपॅसिटन्सची रेंज नाही, आणि असती तरी फारसं बिघडलं नसतं, कारण महागड्या मीटरची कपॅसिटन्स रेंजही सावकाश चार्ज करून मोजते. सुकलेला १०००चा कपॅसिटर तिथे ८००-९०० दाखवून पास होतो आणि बोर्डावर नापासच राहतो.

ओहमच्या रेंजवर आकडा हळूहळू चढतो म्हणजे कपॅसिटर चांगला, ही समजूत सोडून द्या. त्या चढणाऱ्या आकड्याचा अर्थ एवढाच की तो शॉर्टही नाही आणि पूर्ण ओपनही नाही.

एक सापळा फक्त या मीटरचा आहे. रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, पाहण्यासाठी कोणी नॉब २०० व्होल्ट एसीवर नेतो, ५ व्होल्टच्या लाइनवर प्रोब ठेवतो आणि १०च्या आसपास आकडा पाहून हादरतो. ते रिपल नव्हे. ८३०च्या एसी रेंजमध्ये एकच डायोड अर्धी लाट कापून सरासरी काढतो, आणि साइन लाटेच्या हिशेबाने ती २.२२ पटीने वाढवून दाखवली जाते. डीसी थेट त्या डायोडमधून जातं आणि सुमारे दुपटीहून थोडं जास्त उमटतं. १२ व्होल्टची लाइन २५च्या आसपास दिसते. प्रोब उलटे धरा, तोच आकडा शून्य होईल. शिवाय ही रेंज ४० ते ४०० हर्ट्झच्या आसपासच्या एसीसाठी बनलेली, तर स्विचिंगचं रिपल साधारण ६० किलोहर्ट्झच्या वर. थोडक्यात, रिपलसाठी हा मीटर वापरायचाच नाही.

मग सुकलेला कपॅसिटर ओळखायचा कसा? आधी डोळ्यांनी. डोक्यावरचे काप फुगलेले, तपकिरी डाग, किंवा खालचं रबर बाहेर ढकललं गेल्याने वाकडा उभा राहिलेला कपॅसिटर, सगळे बाद. पण न फुगताही कपॅसिटर सुकतो, विशेषतः पीडब्ल्यूएम आयसीजवळचा (मॉसफेट चालवणाऱ्या आयसीजवळचा) छोटा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा. दुसरा उपाय उष्णतेचा: हेअर ड्रायरने कपॅसिटरच्या ओळीला दोन-तीन मिनिटं गरम हवा द्या आणि मॉनिटर चालू करा. थंड असताना न उठणारा मॉनिटर आता उठला, तर संशय खरा, कारण गरम झाल्यावर द्रवाचा रेझिस्टन्स तात्पुरता उतरतो. तिसरा उपाय सर्वांत खात्रीचा. बोर्ड बंद करून डिस्चार्ज करा, त्याच किमतीचा चांगला कपॅसिटर प्लस-मायनस पाहून संशयिताच्या पायांना समांतर टाका आणि चालू करा. लाइन स्थिर झाली तर कारण सापडलं.

यात ८३०लाही एक काम आहे. डीसी २० व्होल्टवर ५ व्होल्टची लाइन पाहत राहा. हा मीटर सेकंदाला सुमारे तीनदाच आकडा बदलतो, तरी लाइन डळमळत असेल तर ४.३, ४.९, ४.६ असा नाच दिसतो. १२ व्होल्टची लाइन पाहत बॅकलाइट पेटू द्या. तो पेटताना १२.४ वरून ९ पर्यंत बसली आणि बॅकलाइट विझल्यावर परत वर आली, तर आधी त्या लाइनचे कपॅसिटर बदला, बाकी सगळं नंतर.

बदलताना १०५ अंशांचा, लो ईएसआर प्रकारचाच घ्या. रुबिकॉन, निचिकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमिकॉन ही नावं भरवशाची, पण वेष्टन नकली असू शकतं, म्हणून पार्ट ओळखीच्या दुकानातून घ्या. अवाजवी स्वस्त मिळाला तर घेऊच नका. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज एक पायरी वर चालतं: १०च्या जागी १६. पण २५चा घेतला तर तो उंच आणि जाड असतो, कव्हर बसत नाही. व्यास आणि दोन पायांमधलं अंतर आधी मोजून न्या. साधा ८५ अंशांचा जनरल पर्पज कपॅसिटर बसवला तर तोच मॉनिटर काही महिन्यांत परत येतो. आणि एकच फुगला असला तरी त्या ओळीतले सगळे, तसंच आयसीजवळचा छोटा, एकदमच बदला. सगळ्यांचं वय सारखंच असतं.

चालू बोर्डावरची मापं घेताना मेन्समध्ये ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर प्राथमिक बाजू ठीक. पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, पुढे जाऊ नका. मीटरचा काळा प्रोब हातात धरण्याऐवजी मगरक्लिपने जोडा, आणि क्लिप बोर्ड बंद असतानाच लावा. मग एकच हात कामाला. ग्राउंड दोन आहेत हे विसरू नका: प्राथमिक बाजूचं ग्राउंड म्हणजे मोठ्या कपॅसिटरचा मायनस, सेकंडरीचं ग्राउंड म्हणजे व्हीजीए कनेक्टरची धातूची कड. सेकंडरीचं व्होल्टेज प्राथमिकच्या ग्राउंडवरून मोजलं तर आकडा येईल, पण त्याला अर्थ नसेल.

मोठ्या कपॅसिटरवर ३१० ते ३४० यायला हवं. नॉबवर १००० छापलेलं असलं तरी या मीटरच्या आतल्या बोर्डावरची अंतरं आणि फ्यूज पाहता त्याला त्या आकड्याच्या जवळ नेऊ नये. ३२५वर मोजायचंच असेल तर प्रोब आधी लावा, हात बाजूला घ्या, मग स्विच चालू करा.

आता पीडब्ल्यूएम आयसीचा व्हीसीसी. एलडी७५७५ हा आठ पायांचा आयसी अनेक मॉनिटरांत सापडतो, त्याचा व्हीसीसी सहाव्या पायावर. १६ व्होल्टला तो सुरू होतो आणि १०च्या आसपास बंद पडतो. तिथे आकडा १० आणि १६च्या मध्ये सतत वरखाली होत असेल आणि बोर्डातून टिक-टिक येत असेल, तर आयसी सुरू होऊ पाहतो आहे पण टिकत नाही. कारण सेकंडरीला शॉर्ट किंवा आयसीजवळचा तो छोटा सुकलेला कपॅसिटर. ज्या आयसीला सुरुवातीचं व्होल्टेज बाहेरच्या रेझिस्टरमधून मिळतं, तिथे व्हीसीसी शून्यच राहिला तर स्टार्टअपचे मोठ्या किमतीचे रेझिस्टर पाहा, त्यांपैकी एखादा ओपन असतो.

इथे या मीटरचा आणखी एक दोष पाहा. महाग मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम, याचा १ मेगाओहम. समजा ३२५ व्होल्टपासून १६ व्होल्टच्या व्हीसीसीपर्यंत ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत. मधल्या बिंदूवर खरं व्होल्टेज सुमारे १७०. हा मीटर स्वतःच त्या बिंदूवर ओझं टाकतो आणि १३८च्या आसपास दाखवतो. १० मेगाओहमचा मीटर १६६ दाखवेल. १३८ पाहून रेझिस्टरची किंमत वाढली असं वाटेल, पण रेझिस्टर ठीक आहे. मोठ्या रेझिस्टरच्या मध्ये हा मीटर लावूच नका, बोर्ड बंद करून रेझिस्टर ओहमवर मोजा. ५ आणि १२ व्होल्टच्या लाइनवर किंवा १० किलोओहमच्या डिव्हायडरवर हे ओझं नगण्य. सप्लाय चालू असताना टीएल४३१च्या रेफरन्स पायावर तो २.५ बरोबरच दाखवतो.

बॅकलाइटबाबत आधी एक इशारा. सीसीएफएल ट्यूब (बारीक फ्लूरोसंट नळ्या) असलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये इन्व्हर्टरच्या (त्या ट्यूबना उंच व्होल्टेज देणाऱ्या सर्किटच्या) गुलाबी-पांढऱ्या कनेक्टरवर प्रोब ठेवू नका. पेटताना तिथे हजार व्होल्टच्या वर, ४० ते ६० किलोहर्ट्झचं व्होल्टेज असतं. मीटर जातो आणि बोटालाही भाजतं. चित्र एक-दोन सेकंद दिसून काळं होत असेल तर टॉर्च तिरका धरून पडद्याकडे पाहा. अंधुक चित्र दिसलं तर पॅनेल चालू आहे, गेला तो बॅकलाइट. मग बोर्ड बंद करून इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी वाइंडिंग २००० ओहमच्या रेंजवर मोजा. आकडा काही शे ते दीड हजार ओहमपर्यंत काहीही असू शकतो. महत्त्वाची आहे ती तुलना. एकाच बोर्डावरचे सारखे ट्रान्सफॉर्मर जवळजवळ सारखं दाखवायला हवेत. एक ८५० आणि दुसरा ओपन, तर प्रश्न मिटला. या तुलनेत ८३० उत्तम आहे. सगळे सारखे असतील तर १२ व्होल्टचे कपॅसिटर आणि मग ट्यूब.

एलईडी बॅकलाइटच्या मॉनिटरमध्ये पट्ट्यांना जाणाऱ्या कनेक्टरवर २०० व्होल्ट डीसीच्या रेंजमध्ये मोजता येतं. बूस्ट सर्किट १२ ते २० व्होल्ट घेऊन बहुधा ३० ते ६० करतं. चालू करताच आकडा उंच जाऊन लगेच पडत असेल तर पट्टीतला एखादा एलईडी ओपन आहे किंवा कनेक्टर ढिला आहे. आकडा इनपुटच्या १२-२० वरच बसून राहिला असेल तर बूस्ट सुरूच झालेलं नाही. मग कनेक्टरवर ऑन-ऑफ लिहिलेल्या पायावर ३ ते ५ व्होल्ट येतात का ते पाहा. येत नसतील तर दोष पॉवर बोर्डाचा नाही, स्केलर बोर्डाचा, म्हणजे चित्राचं काम करणाऱ्या दुसऱ्या बोर्डाचा. डायोडच्या रेंजवर पांढरा एलईडी तपासायला जाऊ नका. या रेंजचं रिकामं व्होल्टेज जेमतेम २.८, त्यात पांढरा एलईडी अंधुक लुकलुकला तरी नशीब, आणि पट्टीत तर ते एकामागे एक बरेच असतात.

स्केलर बोर्डावर काम थोडंच. एएमएस१११७ रेग्युलेटर शोधा. पाय १ ग्राउंड, २ आउटपुट, ३ इनपुट, आणि मोठी धातूची पट्टीही आउटपुटच. ५ आत आणि ३.३ बाहेर, दुसऱ्यावर १.८. बाहेर शून्य आणि रेग्युलेटर चटका देण्याइतका गरम, तर पुढे शॉर्ट. इथे बझरवर विश्वास ठेवू नका. स्केलरच्या चिपची १.२ किंवा १.८ व्होल्टची लाइन चांगली असतानाही ग्राउंडला २० ते ५० ओहम दाखवू शकते, आणि बझर तेवढ्यावरही वाजतो. २०० ओहमची रेंज लावून आकडा वाचा. प्रोबचा वजा करून १-२ ओहमच उरले तरच शॉर्ट म्हणा. सगळी व्होल्टेज बरोबर, पॅनेलचा छोटा फ्यूज ठीक, आणि तरी मॉनिटर उठत नाही, तर दोष फ्लॅशमधल्या प्रोग्राममध्ये किंवा स्केलर चिपमध्ये. मल्टिमीटरने तिथून पुढे काही कळत नाही, मग तो कितीही महाग असो.

हे काम नेहमीचं असेल तर १० मेगाओहम इनपुट, दोन्ही करंट रेंजना सिरॅमिक एचआरसी फ्यूज (मोठा करंटही सुरक्षित तोडणारे) आणि कॅट ३ ६०० व्होल्टचं सुरक्षा रेटिंग असलेला मीटर घ्या. नाशिकची ऋषभ आणि नवी मुंबईची मेको या कंपन्या मीटर बनवतात, आणि मीटर बिघडल्यावर माघारी न्यायला ठिकाण असणं मोलाचं असतं. पण बजेट तेवढं नसेल तर आमची शिफारस वेगळी आहे: ८३० ठेवा आणि त्याच्या जोडीला एलसीआर-टी४ म्हणून मिळणारा छोटा पार्ट-टेस्टर घ्या, हजाराच्या आत. तो कपॅसिटरचा ईएसआर ०.०१ ओहमच्या टप्प्यांत दाखवतो. कपॅसिटर बोर्डावरून काढून आणि पूर्ण डिस्चार्ज करूनच त्यात घालायचा, नाहीतर टेस्टर पहिल्याच दिवशी संपतो. मॉनिटरच्या पॉवर बोर्डासाठी ही जोडी त्याच पैशांत मिळणाऱ्या एका मध्यम मीटरपेक्षा जास्त कामाची आहे.

वापरातल्या दोन खोडी लक्षात असू द्या. मीटर आपोआप बंद होत नाही, म्हणून रात्रभर चालू राहिला की बॅटरी गेली. आणि प्रोब बोर्डावर ठेवून नॉब फिरवू नका. व्होल्टवरून डायोडकडे जाताना तो ओहम आणि करंटच्या रेंजवरून सरकतो.

शेवटचं, आणि सर्वांत धोक्याचं, तिसरं सॉकेट. १० अँपिअरच्या सॉकेटमागे बहुतेक ८३०मध्ये फ्यूज नसतो, फक्त जाड तारेचा एक तुकडा असतो. लाल प्रोब तिथे राहिला आणि कोणी ३२५ व्होल्ट मोजायला गेलं, तर तो मोठ्या कपॅसिटरवर सरळ शॉर्ट. प्रोबचं टोक वितळून अंगावर उडतं. मॉनिटरच्या कामात १० अँपिअर कधीच मोजावे लागत नाहीत, तेव्हा मीटर आणल्याबरोबर त्या भोकात हीटश्रिंकचा तुकडा घालून वरून गरम ग्लू भरा.